मुक्कामी गाडीची पाळी

गौराबाईने नारळ फोडला आणि पाणी एसटीच्या पुढच्या चाकावर ओतलं. पाड्यावरच्या बायका हळदकुंकू घेऊन पुढे सरकल्या. गाडीचा लाल रंग नवा कोरा होता, पण कपाळावरची पाटी तीच होती: जव्हार ते करंजपाडा, खोडाळामार्गे. रस्ता खचला त्या पावसाळ्यापासून ही गाडी कुणी पाहिली नव्हती.

दार उघडून नितीन उतरला. अंगात खाकी, खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटांची पत्र्याची पेटी. आपलं पोरगं कंडक्टर झालेलं पाहून गौराबाईचा ऊर भरून आला. जव्हारला कामाला गेलेला हा मुलगा मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाला होता, "आये, आपली गाडी येतेय. सगळ्यांना सांग, झाडून सगळा पाडा जमला पाहिजे."

तिने घरोघर सांगितलं होतं. पूर्वी गाडी रात्री पाड्यावर मुक्काम करायची, तेव्हा डायवर-कंडक्टरला जेवू घालायची घरोघर पाळी असे. पाहुणे ओट्यावर जेवत. आत चुलीपाशी फक्त घरची माणसं. ती पाळी पुन्हा सुरू होणार म्हणून पहिला दिवस गौराबाईने स्वतःकडे मागून घेतला होता. नागलीच्या भाकरी पहाटेच थापून झाल्या होत्या.

एवढ्यावर ती थांबली असती तरी चाललं असतं. पण शेजारचा रंगू बायकोपोरांसह वीटभट्टीवर निघाला, तेव्हा तिने त्याची वाट अडवली होती.

"तुझ्या सुकीला नको नेऊस. माझ्यापाशी ठेव. गाडीनं कॉलेजात जाईल, सांजच्याला परत येल."

"गाडी येल का पण?"

"माझा शब्द हाय."

भट्टीचा ट्रक परवा गेला, सुकीला मागे ठेवून. आता ती पोरगी धुतलेला ड्रेस घालून, पाठीला दप्तर लावून सगळ्यांच्या पुढे उभी होती. तिने गाडीच्या पायरीवर पाय ठेवला. नितीनने दारात हात आडवा धरला.

"सुके, आत नाय जायचं."

"जागा नाय का?"

खिडक्यांतून मुंबईची माणसं मोबाइल धरून बघत होती. त्यांच्यातला ऋषिकेश नावाचा तरुण खाली उतरला. ही सगळी सहल त्याने जमवली होती.

"नितीन, तिला पायरीवरच राहू दे. दप्तरासकट छान दिसतेय." त्याने फोटो काढला. "झालं, उतर हं बाळ. मावशी, तुम्ही परत एकदा ओवाळता का? मघाशी ऊन समोर होतं."

गौराबाईने ओवाळलं नाही. ती नितीनकडे वळली.

"ही उद्या येल ना रं?"

नितीन पिशवीचा पट्टा सारखा करत राहिला. "आये, ही लोकं जुन्या गाड्या नीट करून फिरवतात. हौस असते. एका दिवसाची सहल हाय, ही खाकीपण त्यांनीच दिलेली. जेवलं की परत."

"तुला ठावं व्हतं?"

"गर्दी पाहिजे म्हणाले. जुन्या काळासारखी. सहल म्हटलं असतं तर हातातलं काम टाकून कोण आलं असतं?"

परक्याने फसवलं असतं तर तिने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. इथे पोटच्या पोरानेच केसाने गळा कापला होता, आणि तोही एकट्या तिचा नाही. तिच्या शब्दावर विसंबून रंगू भट्टीवर निर्धास्त विटा पाडत असेल, या विचाराने तिला लाज वाटली. आयुष्यात इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती. हातातलं खोबरं तिने गाडीच्या सावलीत बसलेल्या कुत्र्याला टाकलं आणि ती घराकडे चालू लागली. सुकी मागोमाग आली. तिने दप्तर काढलं नव्हतं.

पाहुणे आंब्याखाली डबे उघडून बसले, तसा नितीन सवयीने घरी आला. चपला काढून, वाकून तो आत शिरू लागला.

"आये, भूक लागली."

गौराबाई दारात उभी राहिली. "बसा," ती म्हणाली आणि तिने ओट्यावर घोंगडी अंथरली.

"आये, मी हाय."

"व्हय, कंडक्टर आहात. आज आमची पाळी हाय. सुके, तू आत ये, चुलीपाशी बस."

नितीनने खांद्यावरची पिशवी काढून ठेवली. मग घोंगडीवर बसला. तिने तांब्या ठेवला, हात धुवायला पाणी दिलं, ताटात भाकर, उडदाची आमटी, सुक्या बोंबलाची चटणी वाढली. काही कमी पडू दिलं नाही. त्याने भाकरीचा तुकडा मोडला. तेव्हा ती उंबऱ्यावर टेकली, आणि कंडक्टर जेवायला बसला की पाड्यावरच्या बाया नेहमी जे विचारत, तेच तिने विचारलं.

"सकाळची गाडी किती वाजता सोडाल? आमच्या पोरीला कॉलेजात जायचं हाय."