पोचल्याची सही

"सही कुठाय?" उलोमाने विचारलं, तशी उचे नावाच्या ड्रायव्हरने मान खाली घातली.

"मॅडम, त्याच्या सख्ख्या भावानेच घेतलं की पुडकं. दारातच उभा होता. सख्खा भाऊ, मॅडम!"

"भाऊ असो नाहीतर बिशप असो. ज्याचं नाव त्याच्याच हातात द्यायचं, आणि दिलं की सही घ्यायची. जा परत."

"आत्ता? पोर्ट हारकोर्टला?"

"नाही, लंडनला! निघ, आणि आधी तोंड धू."

सगळं ऑफिस खो खो हसलं. पण ह्याच हट्टापायी नायजेरियातल्या आबा शहराच्या मोटार अड्ड्यावरची एक फाटकी छत्री कंपनी झाली होती. नवरा ओकेझी चपलाबुटांच्या व्यापाऱ्यांचे नमुने पाठीवर टाकून बसने सीमेपलीकडे कोतोनूला जायचा, आणि उलोमा छत्रीखाली बसून पावत्या फाडायची. इतरांची पुडकी हरवायची, ह्यांची पोचायची. मग डुआला झालं, अक्रा झालं, पुढे विमानाने लंडन आणि ग्वांगझू. पाटीवर मात्र एकट्याचं नाव, 'ओकेझी एक्सप्रेस'. तेही रंगाऱ्याला तिनेच सांगितलं. बायकोचं नाव कुणी पाटीवर लावतं का?

उचेला परत धाडलं त्याच दुपारी अक्राच्या ऑफिसात ओकेझी बोलता बोलता कोसळला तो उठलाच नाही. त्याचं प्रेत त्याच्याच कंपनीच्या मालातून आलं, आणि ते उतरवून घेतल्याची सही उलोमाने केली.

गावी नेल्यावर घराण्याच्या माहेरवाशिणींनी तिचं डोकं भादरलं, तिला उघड्या जमिनीवर बसवलं. मग थोरल्या नणंदेने तिच्यापुढे वाडगा ठेवला. प्रेताला अंघोळ घातलेलं पाणी होतं त्यात.

"पी. नवऱ्याला खाल्लं नसशील तर काही होत नाही तुला."

"वन्सं, हृदय बंद पडलं त्यांचं. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर काय आपल्या घरचा आहे? पी म्हणते ना!"

उलोमा तो वाडगा भिरकावूनच देणार होती. तेवढ्यात घराण्यातले थोरले नान्ना काका तिच्याजवळ येऊन टेकले. आवाज अगदी मायेचा.

"सूनबाई, एक घोट घे, म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद होतील. कंपनी तुझी आणि तुझ्या लेकीची राहील, माझा शब्द. नाही प्यालीस, तर मग माझेही हात बांधलेले."

"आई, नको!" लेक चिमदी ओरडली. तिला दोघींनी धरून ठेवलं होतं.

उलोमाने डोळे मिटले आणि लेकीसाठी ती ते पाणी प्यायली. तोंडावर हात दाबून तिने ते आत ठेवलं. ओकलं तर प्यायलेलं धरत नाहीत.

सुतक संपवून ती आबाच्या ऑफिसात आली, तर ओकेझीच्या खुर्चीत धाकटा दीर इकेदी.

"या वहिनी! अहो, पोरगी उद्या परक्या घरी जायची. तिच्याबरोबर कंपनीही पाठवू का? आणि तुमचं काय, मी आहे की. माझ्या घरात या, दोन बायकांत तिसरी जड नाही मला."

ती तशीच नान्ना काकांकडे धावली. ते सुपारीसारखं चघळायचं कोलाचं फळ फोडत होते.

"मी पाणी पी म्हणालो होतो," ते शांतपणे म्हणाले. "बाकीचं कुठे लिहून दिलंय मी?"

साऱ्या जगाकडून सही घेणारी बाई ती! पण घरच्या म्हाताऱ्याकडून सही कोण मागतं हो?

तिने खटला भरला. कायदा तिच्या बाजूचा आहे असं वकील सांगतो, आणि पुढची तारीख कळवतो. इकेदीच्या हाती कंपनीची मात्र भरभराट झाली. नैरोबी, दुबई, आणि आता स्वतःची विमानं. गावात कुणी विधवा झाली की उलोमा अजून जाते, 'पिऊ नकोस गं' म्हणून विनवते. बायका तिला अंगणातूनच हुसकून लावतात. आजवर एकीनेही तिचं ऐकलेलं नाही.

परवा लंडनला राहणाऱ्या चिमदीला वाळवलेले मासे पाठवायचे होते. पुडकं नक्की पोचवायचं तर कंपनी तीच. गल्ल्यावरच्या नव्या पोरीने कागद पुढे सरकवला.

"मावशी, सही करा. सही नाही तर पुडकं नाही! आमच्या थोरल्या साहेबांनी घालून दिलेला नियम आहे. फार हुशार माणूस होता म्हणतात."

उलोमाने सही केली. पोरीने ती वाचली.

"अगंबाई, तुम्ही पण ओकेझी? साहेबांच्या नात्यातल्या का?"

"नाही गं बाई," उलोमा म्हणाली. "पूर्वी अड्ड्यावर कामाला होते. पावत्या फाडायला."