भाल्याचा ठराव

सायखेड्याच्या खालच्या अंगाला गोदावरीचं पाणी पसरट होतं आणि पाखरांच्या अभयारण्यात शिरतं. तिथल्या मच्छीमार सोसायटीची मैना चेअरमन झाली ती बाईसाठी राखीव झालेल्या जागेमुळे. नवरा दत्तू तेव्हाच म्हणाला होता, तू नावाला बस, बाकीचं आम्ही बघू. पहिली काही वर्षं तसंच चाललं. सेक्रेटरी निवृत्ती ठराव वाचायचा, बाकीचे माना हलवायचे, मैना सही करायची आणि घरी येऊन चुलीपुढे बसायची. यंदा आषाढात मात्र वनखात्याचे साहेब सोसायटीच्या खोलीत येऊन बसले, आणि त्यांनी जो विषय काढला त्यानंतर मैनेला एका जागी बसवेना.

अभयारण्याच्या हद्दीत भाल्याने मासे मारणं कायमचं बंद करायचं, असा तो विषय होता. भालेवाले काठाकाठाने पाणकणसांत शिरतात, पाखरांची घरटी नेमकी तिथेच असतात. शिवाय भाल्याला लागतो तो मोठा, अंड्यावर आलेला मासा. तेव्हा सोसायटीने आपलं मत ठराव करून कळवावं, असं साहेब म्हणाले. मैनेने विचारलं, जाळ्यांचं काय? जाळ्यांचा विषय सध्या नाही, असं उत्तर आलं.

ते ऐकून खोलीतले जाळेवाले सैलावले. कुणी मांडी बदलली, कुणी तंबाखू काढली. मैनेच्या नजरेतून ते सुटलं नाही. वस्तीत भाला चालवणारे उरले होते अगदी मोजके, आणि त्यांतला सगळ्यांत पट्टीचा होता तिचा धाकटा भाऊ कारभारी.

कारभारीकडे होडी नव्हती, जाळं नव्हतं. बापाने शिकवलेला पाच दात्यांचा भाला आणि पाण्यात बगळ्यासारखं उभं राहायची सवय, एवढ्यावर तो जगत आला होता. बातमी कळली तसा तो बहिणीच्या ओट्यावर येऊन बसला. चहा दिला, तो घेतला नाही. मी आधी मासा बघतो आणि मग एकच मारतो, जाळं काही बघतं का, असं त्याने दत्तूला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. दत्तू आत जेवत होता. तो घास थांबवून म्हणाला, चार जणांचं जाईल, पण सगळ्या वस्तीचं राहील. आज भाला दिला नाही तर उद्या खातं जाळ्यावर येईल.

दोघांच्या मध्ये उंबऱ्यावर मैना उभी होती. दोघांचंही तिला पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता.

"मला उद्या पाण्यावर घेऊन चल," ती भावाला म्हणाली. "सही करायची का नाय, ते बघून ठरवीन."

कारभारीला बरं वाटलं. बहीण आपल्या बाजूची आहे, असंच त्याने धरलं.

उजाडता उजाडता दोघं काठाने निघाली. लहानपणी बाप पुढे, कारभारी मध्ये आणि टोपली घेऊन मैना मागे, अशी ही वाट ठरलेली होती. लग्नानंतर ती या वाटेला आली नव्हती. पानवेली साठलेल्या एका खाचेपाशी कारभारी थांबला आणि त्याने हातानेच तिला थांब म्हटलं. पाण्यावर शेंदरी ठिपक्यांचा एक पुंजका उकळी फुटल्यासारखा वर येत होता, पुन्हा खाली जात होता.

"मरळीची पिल्लं," तो कुजबुजला. "खाली आई असती. पिल्लं सोडून हालत नाय. कितीबी जवळ जा."

तो आणखी दोन पावलं आत सरकला. बराच वेळ काही झालं नाही. पुंजका वर आला, त्याच्या मागोमाग पाण्याखाली एक काळसर सावली सरकली, आणि भाला गेला. मासा हाताएवढा लांब होता. कारभारीने तो दात्यांवरून सोडवून टोपलीत टाकला, तेव्हाही तो शेपटी आपटत होता. मैनेच्या हाताला टोपलीचं ओझं ओळखीचं वाटलं.

तिने पाण्याकडे बघितलं. एरवी ती टोपली घेऊन लगेच वळली असती. बापाच्या वेळी ती तसंच करायची. आज ती तिथेच उभी राहिली. शेंदरी पुंजका विस्कटला होता. पिल्लं एकमेकांना धरून राहायला बघत होती, पण त्यांना खाली-वर नेणारं कुणी नव्हतं. आधी पिल्लं खाणारी एक चिलापी आली. मग इकडून तिकडून आल्या. पाणी बारीक बारीक फुटत राहिलं. थोड्या वेळाने वर एकही ठिपका उरला नाही.

"सगळी गेली," मैना म्हणाली.

"जगतात थोडीफार." कारभारी भाला धूत होता. त्याने मान वर केली नाही. "बापूबी असंच मारायचे, अक्का."

दोघं परत आली. घाटावर दत्तूची होडी लागली होती. त्याने रात्रभर टाकलेलं बारीक डोळ्याचं जाळं पोरं झटकत होती आणि ताडपत्रीवर तांदळाच्या दाण्याएवढी मासळी पसरत होती. ती वाळवून कोंबड्यांच्या खाद्याला जायची. कशाचीही पिल्लं त्यात असत. कटल्याची, रोहूची, मरळीचीही. ही मासळी मैना रोज स्वतःच्या हाताने उलटीपालटी करायची. आज तिने खराटा हातात घेतला आणि पुन्हा भिंतीला टेकवून ठेवला.

ठरावाच्या सभेपर्यंतचे दिवस तिने कसेतरी काढले. भाकरी करपायची, हाक मारली तर दुसऱ्यांदा ऐकू यायची. शेजारची सखुबाई, जी नवऱ्यामागे एकटी जाळं टाकून पोट भरायची, तिने अंगाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून. ताप नव्हता. मैनेला एवढंच कळत होतं की आपण खरं बोललो तर ते अर्धं बोलता येणार नाही.

सभेला खोली भरली. कारभारी दाराशी उकिडवा बसला होता. निवृत्तीने ठराव वाचला आणि सहीसाठी कागद पुढे सरकवला. मैना पहिल्यांदाच उठून उभी राहिली. तिने खाचेपाशी जे बघितलं ते सांगितलं; मरळ कशी हलली नाही, पिल्लं कशी गेली. मग तिने ताडपत्रीचं सांगितलं. भाल्याने एक आई मरते, आमच्या घरच्या जाळ्यात सगळ्यांची पिल्लं मरतात. बंद करायचं तर पावसाळ्यात दोन्ही बंद करू. नायतर कुणा एकावर ढकलायचं नाही.

एकदम गलका झाला. दत्तू उठला. चेअरमनबाईंना बोलायची सवय नाही, त्यांचं म्हणणं एवढंच की भाला वाईट, असं त्याने सगळ्यांना समजावलं. निवृत्तीने ते उचललं. चेअरमननी स्वतः डोळ्यांनी बघितल्याचं ठरावात लिहून घेऊ, म्हणजे खात्यालाही पटेल, असं तो म्हणाला. जाळ्यांचा विषय पुढच्या सभेवर गेला. हात वर झाले. मैना सही करणार नाही म्हणाली, तर व्हाइस चेअरमनने केली. तिचं खरं बोलणं तिच्यादेखत निम्मं कापलं गेलं आणि उरलेलं तिच्या भावावर टाकलं गेलं.

ती दाराकडे धावली, तोवर कारभारी रस्त्याला लागला होता. तिने हाक मारली. तो थांबला, पण वळला नाही.

"मी तुला बहीण म्हणून नेलं होतं," तो म्हणाला. "चेअरमन म्हणून नाय."

श्रावणात बंदी आली. कारभारी सिन्नरच्या कारखान्यात माल चढवायला जाऊ लागला. पहाटे जीपने जायचा, अंधार पडल्यावर यायचा. मैना त्याच्या घरी गेली तर भावजय गोजराबाईने पाट दिला, चहा दिला, आणि ते अजून आले नाहीत एवढंच सांगितलं. आतल्या खोलीत खाट करकरल्याचं मैनेला ऐकू आलं. ती चहा संपवून उठली.

त्या रात्री तिला झोप नव्हती. सकाळी ती निवृत्तीकडे गेली आणि पुढच्या सभेची नोटीस काढायला लावली. विषय एकच ठेवला, पावसाळ्यात बारीक डोळ्याची जाळी बंद. निवृत्तीने ती मागे घ्यावी म्हणून बरंच समजावलं. घरी दत्तूने समजावलं नाही. तो बोलायचाच थांबला. "मी काय चोरी केली का?" एवढंच त्याने एकदा विचारलं. "नाय केली," मैना म्हणाली. "मीबी तुमच्याबरोबरच वाळवत होते की." सभेच्या आदल्या दिवशी तो पेठला पाहुण्यांकडे निघून गेला.

सभेला कुणी येईना. सखुबाई आली, आणखी दोघी-तिघी आल्या, व्हाइस चेअरमन दारातून डोकावून गेला. निवृत्तीने घड्याळ बघितलं आणि गणसंख्या नाही, सभा तहकूब करावी लागेल म्हणाला. मैना म्हणाली, थांबू. ती उठली, बसली, खिडकीशी गेली. समोरच्या रस्त्यावरून ओळखीची माणसं मान खाली घालून जात होती.

मग कारभारी आला. कामावर गेला नव्हता. त्याच्यामागे बाकीचे भालेवाले होते. तेही सोसायटीचे सभासदच. हजेरीवर एकेकाने सही केली. कारभारी बहिणीच्या समोर बसला, पण बोलला निवृत्तीशी. "झाली का संख्या? मंग वाचा."

ठराव झाला. जेमतेम संख्येवर झाला, पण झाला, आणि मैनेने त्याखाली सही केली. हे लोक मासळीसाठी आले की जाळेवाल्यांवर उट्टं काढायला, हे तिला कळलं नाही. कारभारीच्या चेहऱ्यावरूनही कळत नव्हतं. पायऱ्या उतरताना तिने त्याला गाठलं आणि रविवारी जेवायला ये म्हणाली.

"दाजी असतील?"

"असतील."

"बघू," कारभारी म्हणाला आणि चपला घालून निघाला. मैना घरी आली. दार उघडं होतं आणि दत्तूची पिशवी ओट्यावर होती. तिने पदर खोचला आणि आत गेली.