दिवसा लावलेली मच्छरदाणी

मित्रांनो, माझी थट्टा करायची असेल तर आत्ताच करून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकाल. मी एक जुनी मच्छरदाणी आहे. अंगभर भोकंच भोकं, आणि त्या भोकांचाच मला भारी अभिमान! वारा आत येतो, डास बाहेर राहतो. एवढंसं काम, पण ते पंख्याला जमतं का? कपाटाला जमतं का?

मला शिवलं एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. तिला दोन मुली. थोरली शांत, धाकटी म्हणजे नुसती भिंगरी. दोघींच्या पलंगासाठी आईने जाळीचं कापड आणलं, गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारली आणि मला मशीनवर घेतलं. खालच्या कडेला एका निळ्या चादरीची जाड पट्टी लावली, म्हणजे गादीखाली मी घट्ट खोचली जावी. शेजारणी यायच्या, पट्टी चाचपून पाहायच्या आणि आईच्या हाताचं कौतुक करायच्या. कौतुक आईचं व्हायचं, फुगायची मात्र मी!

काय दिवस होते ते! माझ्या पोटात दोघींची गुपितं चालायची, रुसवेफुगवे चालायचे, पायांनी ढकलाढकली चालायची. धाकटी पाणी प्यायला म्हणून बाहेर जायची आणि परत येताना एखादा डास सोबत आणायचीच. मग थोरली उशीवर उभी राहून टाळ्या वाजवत त्याच्या मागे. ते आठवलं की आजही मला हसू येतं.

मुली मोठ्या झाल्या. थोरलीचं लग्न झालं, धाकटी एका छापखान्यात कामाला लागली. भिंतीत खोचायचं डास पळवणारं यंत्र घरात आलं आणि माझी घडी माळ्यावर गेली. कुणी नाव काढेना. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटायचं.

एके दिवशी आईने मला खाली काढलं, धुतलं, उन्हात वाळवलं. थोरली बाळंतपणाला आली होती! मी पुन्हा पलंगावर चढले. पण सकाळ झाली की आई मला वर गुंडाळून ठेवायची. दिवसा कसले आलेत डास, असं तिचं म्हणणं. थोरली मग दिवसभर आईच्या मशीनजवळ बसून बटणं लावायची. शेजारीच खाण्याच्या जिन्नसांचं कपाट होतं. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवलेल्या. त्या कधी कोरड्या पडल्या नाहीत, याचा आईला कोण अभिमान! रोज सकाळी तांब्या घेऊन ती वरून पाणी घालायची. आत वाकून मात्र कुणी पाहिलं नाही.

आणि धाकटी तापाने फणफणली. डोळ्यांच्या मागे ठणका, अंग नुसतं ठेचून काढल्यासारखं. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. आपल्या मनाने कुठलीही दुखण्याची गोळी घ्यायची नाही, अशी ताकीद दिली. ताप उतरला तरी निर्धास्त राहू नका म्हणाले. पोट दुखलं, उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर थेट दवाखान्यात या.

आईच्या पायाखालची जमीनच सरकली. एक लेक तापात, दुसरीचे दिवस भरत आलेले. हा ताप थोरलीला झाला तर तिचं आणि बाळाचं काय होईल, एवढी एकच धास्ती घरात होती. आई मला थोरलीच्या पलंगावर दिवसरात्र लावायला निघाली.

तेवढ्यात घरोघर फिरणाऱ्या नर्सबाई आल्या. त्यांनी घर पाहिलं, कपाटाखाली बॅटरी मारली. वाट्यांमध्ये बारीक अळ्या वळवळत होत्या.

"मीच घालत होते हे पाणी," आई म्हणाली.

नर्सबाईंनी तिला धीर दिला. स्वच्छ, साचलेलं पाणी या डासाला आवडतंच, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. वाट्या ओतून, घासून, कोरड्या करायला त्यांनी लावलं, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. मग मला धाकटीवर लावायला सांगितलं, तेही भर दिवसा.

"अहो, बरी आहे तिला उघडं ठेवू आणि आजारी आहे तिला झाकू?" आईला पटेना.

तेव्हा बाईंनी समजावलं. हा ताप शिवल्याने लागत नाही. पण हा डास दिवसा चावतो, आणि तापकऱ्याला चावलेला डासच पुढे दुसऱ्याला ताप देतो. धाकटीच्या खोलीत अजून डास लपलेले असतील, म्हणून थोरलीने सध्या तिथे येऊ नये. आईने डोळे पुसले आणि त्याच दुपारी थोरलीसाठी दुसरी मच्छरदाणी शिवायला घेतली.

"मी काय मिठाई आहे झाकून ठेवायला?" धाकटी कुरकुरली. कारण कळलं तशी माझी कड स्वतःच गादीखाली खोचू लागली.

दुसऱ्या दिवशी थोरलीला राहवलं नाही. ती आत आली आणि तिने माझ्यावर हात टेकवला.

"ताई, जा बाहेर," धाकटी म्हणाली. "बाळ येऊ दे, मग ये."

थोरली दाराबाहेर जाऊन रडली, धाकटी माझ्या आत. मित्रांनो, डासांना मी जन्मभर बाहेर ठेवलं. माणसाला बाहेर ठेवताना मात्र माझा जीव तुटत होता.

ताप उतरला, जपण्याचे दिवसही नीट पार पडले. थोरलीला तापाची झळ लागली नाही. घरात पोर आली, टपोऱ्या डोळ्यांची. हडकुळी झालेली धाकटी पलंगावर बसली होती. थोरलीने माझी कड उचलली, बाळाला तिच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतःही आत शिरली. तेवढ्यासाठी मी सात वेळा माळ्यावर जायला तयार आहे.

मित्रांनो, आता मी विरले आहे. माझ्यासारखी कुणी तुमच्या घरी असेल, तर तिची फाट वेळेवर शिवा. आठवड्यातून एकदा साचलेलं पाणी ओता आणि भांडी घासा. कुणी तापाने पडलं, तर त्याच्यावर तिला भर दिवसाही लावा. आत निजलेलं माणूस एकच असतं, पण राखण आम्ही सगळ्या घराची करत असतो.