समजुबांचं पारणं

समजुबांनी पर्युषणात अठ्ठाई धरली, याचं वढवाणच्या त्या गल्लीत कुणाला नवल वाटलं नाही. आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढायचे, तेही दिवस मावळेपर्यंतच. समजुबांना ते अंगवळणी पडलेलं होतं. नवल वाटलं ते त्यांच्या अभिग्रहाचं. उपाश्रयात साध्वीजींसमोर, सगळ्या बायका ऐकत असताना, त्यांनी हात जोडून नेम घेतला, की पारणं करीन तर सुनेच्या हातूनच; तिनं भरवल्याशिवाय तोंड उघडणार नाही.

"वैष्णवाच्या मुलीचंसुद्धा सोनं केलंत, बा," शेजारची लेरीबेन म्हणाली. लेरीबेनकडून स्तुती आली की ती आधी वास घेऊन पाहावी लागे, पण समजुबांना नेमकं हेच ऐकायचं होतं. उपवासाचं पुण्य वेगळं आणि सून कशी वळवली याचं नाव वेगळं. एका फेरीत दोन्ही माल घरी आणायचा त्यांचा विचार होता.

मागे बसलेल्या व्रजकुंवरनं मान खाली घातली. बायकांना वाटलं, सून लाजली. ती हसू गिळत होती. इतकी वर्षं जी संधी नवस बोलून मिळाली नव्हती, ती म्हातारीनं स्वतः, साध्वीजींच्या साक्षीनं, तिच्या पदरात टाकली होती.

व्रजकुंवर जामनगरच्या वैष्णव वाण्याची. वाण्यांत जैन-वैष्णव अशी लग्नं होतच. मुलगी इकडची तिकडे गेली की खाणं थोडं बदलायचं, टिळा थोडा बदलायचा, आणि संसार करायचा. पण व्रजकुंवर येताना आपले ठाकोरजी घेऊन आली. बोटभर उंचीचा पितळेचा बाळकृष्ण. त्याला पहाटे उठवायचं, न्हाऊ घालायचं, जेवू घालायचं, दुपारी निजवायचं. समजुबांच्या स्वयंपाकघरात कंदमूळ चालत नसे आणि लोणी तर पापच. ठाकोरजींना हवं असायचं नेमकं लोणी. शेवटी माडीवर वेगळी सिगडी मांडून तह झाला. "आमचा भगवान सगळं सोडून बसला तेव्हा भगवान झाला," समजुबा पाहुण्यांना सांगत, "हिचा अजून दुधाच्या दातांचा आहे." पाहुण्यांबरोबर व्रजकुंवरही हसायची. तोवर सगळं बरोबरीत होतं.

मग तिला मुदतीचा ताप आला. शुद्ध जाता जाता तिला राजकोटच्या दवाखान्यात नेलं. गाडीत घालताना तिनं ठाकोरजींच्या कपाटाची किल्ली सासूच्या हातात दाबली आणि विनवलं, की तुम्ही शिवू नका, पुजू नका, पण रोज दुरून एक वाटी पाणी आणि खडीसाखरेचा खडा तेवढा ठेवा. समजुबा हो म्हणाल्या. व्रजकुंवर परतली तेव्हा ठाकोरजींच्या गळ्यात ती गेली त्या दिवशीचीच माळ होती, वाळून काळी पडलेली, आणि पाण्याची झारी कोरडी.

"विसरले गं," समजुबा म्हणाल्या. मग जरा थांबून, "आणि पितळेला कुठे भूक लागते?"

कोठारात पापडाच्या किती चळती आहेत हे झोपेत सांगणारी बाई विसरली म्हणे. व्रजकुंवर त्या दिवशी भांडली नाही. नवऱ्याला, कीर्तिलालला सांगितलं तर तो दोन्हीकडे मान हलवून दुकानात निघून गेला. त्यानंतर दर संवत्सरीला, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, समजुबा दूधवाल्यापासून धोबिणीपर्यंत सगळ्यांना हात जोडत आल्या, तिलाही जोडत आल्या. जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं. सगळ्यांना एकाच मापानं. आणि दरवर्षी तिला वाटायचं, या 'जाणता-अजाणता'च्या मधे जी फट आहे, तिथे माझा बाळ उपाशी बसला आहे.

पारण्याच्या सकाळी घर पाहुण्यांनी भरलं. समजुबा पाटावर बसल्या, ओठांना भेगा पडलेल्या, पण पाठ ताठ. व्रजकुंवर मुगाच्या पाण्याची वाटी घेऊन आली, समोर बसली, चमचा भरला आणि हवेतच धरला.

"बा, त्या वेळी माझे ठाकोरजी उपाशी राहिले. ते जाणता की अजाणता?"

पाहुण्यांना प्रश्न कळला नाही, पण कळ कुणाची दाबली ते कळलं. कीर्तिलाल म्हणाला की हे काय आत्ता. समजुबा म्हणाल्या, काल सगळ्यांची क्षमा मागून झाली.

"क्षमा नकोय मला. दोन शब्दांतला एक हवाय."

व्रजकुंवरनं चमचा वाटीत सोडला, आणि ठाकोरजींची सेवा उरकल्याशिवाय या घरात कुणाला भरवायचं नाही असा माझाही नेम आहे, एवढं सांगून ती माडीवर गेली. सेवा तिनं सणासारखी केली. दुपारचा नैवेद्य, राजभोग, दाखवून, देवाला निजवून खाली आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पुन्हा तोच प्रश्न विचारला.

समजुबा हसल्या. "भरवू नको. मी नववा उपवास धरते."

घरभर धन्य धन्य झालं. लेरीबेननं तर डोळ्यांना पदर लावला. आणि तिथे व्रजकुंवरला आपली चूक दिसली. भूक ही तिच्या देवाकडे नुकसानाची बाब. या घरात ती जमेची. ती म्हातारीला शिक्षा म्हणून जे देत होती, ते म्हातारी कमाई म्हणून आत ठेवत होती. असंच चालू राहिलं तर सुडाचा वरघोडा, तपस्व्यांची काढतात ती मिरवणूक, वाजतगाजत गावातून निघेल, आणि पुढच्या गाडीत समजुबा बसलेल्या असतील.

दुपारी पाहुणे पांगले. कीर्तिलाल दुकानात जाऊन लपला. व्रजकुंवरनं मुगाचं पाणी पुन्हा गरम केलं, वर थोडी मिरपूड भुरभुरली, आणि वाटी समजुबांच्या पुढ्यात, वाफ नाकाशी जाईल इतकी जवळ ठेवली.

"बा, तुमच्याच महाराजसाहेबांचं व्याख्यान मी इतकी वर्षं ऐकतेय," ती अगदी हळू बोलली. "आपण होऊन सोडलं तर तप. दुसऱ्यानं दिलं नाही म्हणून राहिलं, तर नुसती उपासमार. त्याला काहीतरी नाव आहे ना?"

समजुबांनी डोळे मिटले होते. "अकाम," त्या म्हणाल्या. शास्त्रातला शब्द विचारला की त्यांना गप्प राहवत नसे.

"तेच. दावणीला बांधलेला बैलसुद्धा उपाशी राहतो. त्याला कुणी तपस्वी म्हणत नाही. आठ तुमचे खरे, बा, मी नाकारत नाही. पण हा नववा तुमचा नाही. हा मी घातलाय. मनातून नको असेल तर म्हणा, नकोय. मी वाटी उचलते."

समजुबांचा गळा वर गेला आणि खाली आला. व्रजकुंवरनं ते पाहिलं, आणि सासूलाही कळलं की तिनं पाहिलं. नकोय हा एक शब्द बोलायचा होता, पण खोटं बोलून टिकवलेला उपवास कुठल्या खात्यात घालायचा हे समजुबांना पक्कं ठाऊक होतं. भिंतीवरचं ऊन पिवळं होत गेलं.

"जाणता," समजुबा म्हणाल्या.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत.

"रोज माडीवर जायचे. कपाट उघडायचे. त्याच्याकडे बघायचे आणि पुन्हा बंद करायचे. म्हटलं, खरा असेल तर मागेल. त्यानं मागितलं असतं तर दिलं असतं मी. नाही मागितलं."

इतक्या वर्षांत व्रजकुंवरनं या क्षणाची किती रूपं रंगवली होती. त्यातल्या सगळ्यांत म्हातारी रडत असायची. ही रडत नव्हती. हिला अजूनही वाटत होतं की परीक्षेत देव नापास झाला.

"बाळ मागत नाही, बा," व्रजकुंवर म्हणाली. "त्याला द्यायचं असतं. मागायचं असतं ते मोठ्यांनी." तिनं चमचा भरला. "मागा."

समजुबांनी तिच्याकडे पाहिलं. या घरात आल्यापासून त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं; त्या सांगायच्या आणि ते व्हायचं. खिडकीबाहेर सूर्य देरासराच्या कळसाला टेकला होता. तो गेला की पाण्याचा थेंबही उद्यावर जायचा.

"दे," त्या म्हणाल्या.

व्रजकुंवरनं चमचा त्यांच्या ओठांना लावला. समजुबांनी तो घटकन प्यायला, लहान मूल पितं तसा, हनुवटीवर ओघळ आला. व्रजकुंवरनं पदरानं तो पुसलासुद्धा. मग चमचा रिकामाच धरून बसली.

"दे गं."

दुसरा दिला. मग तिसऱ्यासाठी पुन्हा थांबली. प्रत्येक चमच्याला मागणं, आणि मागणं झाल्याशिवाय चमचा नाही. घाई तिनं केली नाही. समजुबांचा आवाज दर खेपेला थोडा बारीक होत गेला, आणि शेवटी नुसते ओठ हलू लागले, तेव्हा व्रजकुंवर म्हणाली की ऐकू आलं नाही.

कळसावरचं ऊन विझलं. समजुबांनी आपण होऊनच तोंड मिटलं आणि पदर ओठांवर धरला. वाटीत अर्ध्याहून जास्त पाणी उरलं होतं.

व्रजकुंवर वाटी उचलून उभी राहिली. वर ठाकोरजींच्या रात्रीच्या भोगाची वेळ झाली होती.

"बाकीचं उद्या सकाळी, बा," ती म्हणाली. "मागितलंत की देईन."