उशिराचा सूर

मास्तरांनी उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने उचलून कीबोर्डच्या पट्ट्यांवर मांडली, दुसऱ्याची वस्तू जागेवर ठेवावी तशी. अर्धांगवायूच्या झटक्याला चार महिने झाले होते. बोटं हलत होती; पट्टीचा स्पर्श मात्र त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

"करा सुरू, बाबा," मुलगी म्हणाली.

संगणकावर संगीतरचनेची दोन सॉफ्टवेअर उघडी होती, दोन्ही चार दिवस वापरून बघायला मिळालेली. आज एक ठरवायचं होतं. शुक्रवारी दिग्दर्शकाला नाटकाच्या शेवटच्या प्रवेशाचं संगीत हवं होतं. नाहीतर त्याने दुसरा माणूस बघून ठेवला होता. तसं त्याने फोनवर सांगितलंही होतं, फार गोड आवाजात.

मास्तरांनी एक ओळ वाजवली. मुलीने ती परत ऐकवली. एकेक सूर नेमका ठोक्यावर.

"बघा. उगाच हातपाय गाळून बसला होतात."

"हातपाय नाही. नुसता हात."

त्यांनी ओळ पुन्हा ऐकली. शेवटचा सूरही ठोक्यावर होता. चाळीस वर्षांत त्यांनी तो कधी तिथे ठेवला नव्हता. ठोका जाऊ द्यायचा, वादकांसमोर उजवी तर्जनी वर धरायची, श्वासभर थांबायचं. ती खाली आली की सूर. वादक त्यांना उशीरमास्तर म्हणत, आधी पाठीमागे, मग तोंडावर.

"हे सॉफ्टवेअर सूर सरळ करतं का गं?"

मुलीने माउसवरचा हात काढून घेतला.

"थोडेसे. सगळेच वापरतात."

"आता दुसऱ्यात घे."

"त्यात ती सोय नाही, बाबा."

"म्हणूनच."

मास्तरांनी तीच ओळ पुन्हा वाजवली. दुसऱ्या सॉफ्टवेअरने ऐकलं तेच ऐकवलं. जिन्यातला दिवा गेल्यावर माणसं उतरतात तसे सूर एकमेकांना चाचपत, अडखळत खाली आले. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकलं. वाईट वाटेल म्हणून ते वाट पाहत राहिले. काहीच वाटलं नाही.

"हेच ठेव."

"आणि शुक्रवार?"

त्यांनी उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि खुर्ची बाजूला सरकवली.

"बस इथे. मी गुणगुणतो, तू वाजव."

"मला तुमच्यासारखं कुठे येतं?"

"मला तरी कुठे येतं आता?"

ती बसली. ते गुणगुणू लागले आणि शेवटच्या सुराआधी थांबले. तिची नजर लहानपणापासूनच्या सवयीने त्यांच्या तर्जनीकडे गेली. मांडीवरची तर्जनी उठली नाही. संगणकाच्या पडद्यावरची सरकती रेघ ठोका ओलांडून पुढे गेली. मुलीचं बोट पट्टीवर तसंच थांबलं होतं. मग तिने श्वास सोडला आणि सूर ठेवला.

मास्तरांनी मान वर केली नाही.

"जरा लवकर झाला," ते म्हणाले. "पुन्हा घे."