मागणं नसलेला अर्ज

"पण नाना, ह्यात मागितलंय कुठे?" शरयूनं कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"सगळं आहे त्यात."

"कुठे? 'श्रीमान की छत्रछाया में सेवक सपरिवार कुशल है. सेवक की अवस्था सरकार से छिपी नहीं.' अहो, विधायकजींना काय माहीत, आई मुरारच्या इस्पितळात आहे ते? सीधं लिहा ना! बायकोला क्षय आहे, भोपाळची बदली रोका. बस."

दसऱ्याला माहेरी आलेली लेक बोलत होती आणि नाना खांबेटे दौतीचं बूच घट्ट करत होते. तीस वर्षं त्यांनी ग्वाल्हेर दरबारच्या कचेरीत लोकांचे अर्ज लिहिले होते. उघड मागणं म्हणजे मालकाला आंधळं म्हणणं. आधी कुशल कळवायचं, मग गुण गायचे, आणि दुःखाचा नुसता पदर दिसेल इतकंच लिहायचं. तो पदर ओळखणारा एक कारकून आत बसलेला असे. तो बाहेर येऊन हळूच विचारी, "बोला, काय अडलंय?"

संस्थान विलीन झालं तेव्हा त्या कारकुनाची खुर्ची उठली. त्यानंतर झालेलं मध्य भारत राज्यही आता मोडणार होतं. कचेरीची कपाटं ट्रकांवर चढत होती आणि नानांना एक नोव्हेंबरला नव्या राजधानीत, भोपाळात हजर व्हायचं होतं.

"तुम्ही मतदार आहात, नाना. तुम्हीच निवडून दिलंय त्यांना."

"मत दिलं म्हणून काय त्यांच्या खांद्यावर हात टाकू?"

शरयू हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सराफ्यात आमदार दौलतसिंहांच्या बैठकीत नाना तीन तास उभे होते. कुणाला नळ हवा होता, कुणाला मुलाची नोकरी. दौलतसिंह वैतागले होते. नानांचा कागद मात्र त्यांनी दोनदा वाचला आणि ते गादीवरून उठले.

"आइए मालिक, आइए!" त्यांनी नानांचे दोन्ही हात धरले. "भाइयो, सुबह से सब रोने आए हैं. एक ये बुज़ुर्ग हैं, कुछ नहीं माँगा! कुशल बताने आए हैं. ऐसी जनता हमारी मालिक है, हम तो सेवक हैं."

त्यांनी अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी आमदारांच्याच गळ्यातला झेंडूचा हार काढून नानांना घातला.

नाना एक पाऊल पुढे झाले. "जी... सेवक की अवस्था..."

"कुशल है, पढ़ लिया!" दौलतसिंह मोठ्यानं हसले. "हाँ भई, अगला कौन?"

पुढच्या माणसानं कोपरानं वाट केली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या दुपारी नाना बायकोकडे मुरारच्या इस्पितळात गेले. शरयू उज्जैनला सासरी परतली होती. अनसूयाबाईंनी मान वळवली. चेहऱ्यात आता डोळेच उरले होते.

"बोललात त्यांच्याशी?"

"बोललो."

"मग?"

"मला मालक म्हणाले."

त्या हसल्या, मग खोकल्या, मग खूप वेळ खोकल्याच. श्वास जागेवर आल्यावर जात्यावरची सवय ओठांवर आली:

"न सांगता जाणी, त्याला म्हणावं मायबाप
सांगता सांगता गं, जिभेला आला ताप."

"तू गाऊ नकोस."

"बरं. तुम्ही जा भोपाळला. नोकरी गेली तर औषधही जाईल. आणि पत्र घालाल ते सरळ लिहा हो. मला वाचायला फार दम नाही."

नानांनी त्यांच्या पायांवरची रजई नीट केली. गाडीची वेळ होत आली होती. दारात नर्स दिसली तशी ते झपाट्यानं तिच्याकडे गेले. बायकोला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं बोलायचा धीर नव्हता, पण बोलले.

"सिस्टर, वह जो खिड़की के पास हैं, मेरी पत्नी हैं. गिलास उठा नहीं पातीं. शाम को कोई पानी पिला दे. मैं नहीं रहूँगा."

एवढंच. वर मायना नाही, खाली सेवक नाही.

"पिला देंगे बाबूजी," नर्स म्हणाली. "इसमें हाथ क्या जोड़ना!"

नानांनी खाली पाहिलं. हात खरंच जोडलेले होते. त्यांनी ते सोडवले, आणि आता ते कुठे ठेवायचे हे न कळून तसेच उभे राहिले.