तानाजीची लाल नोंद

रविवारी नौपाड्यात माझा सत्कार आहे. पत्रिकेवर छापलंय, ‘परदेशी भूमीवर दोनशे निरपराधांना अभय देणारे कर्नल बाळ खांबेटे’. पत्रिका आल्यापासून मी एका जागी बसलेलो नाही. सोसायटीचं गेट उघडं आहे की बंद, हे बघायला दिवसातून चारदा खाली उतरतो. वॉचमन देवरामने शेवटी माझ्या बायकोकडे, उत्तराकडे, तक्रार केली आणि तिने मला फैलावर घेतलं. तिला काय सांगणार? माझं सगळं एका दुसऱ्याच गेटापाशी अडलंय.

सात वर्षांपूर्वी आफ्रिकेत आमची बटालियन शांतिसेनेत होती, मी तिचा प्रमुख. एका दुपारी शेजारच्या वस्तीवर हल्ला झाला आणि बायका-मुलं जीव मुठीत धरून आमच्या छावणीच्या गेटवर आली. आत घ्यायचं तर मुख्यालयाची परवानगी हवी. मी फोनला चिकटून बसलो. चाळीस मिनिटांनी परवानगी मिळाली, तेव्हा माणसं केव्हाच आत होती. हवालदार तानाजीने गेट उघडलं होतं.

अहवालात मी लिहिलं, प्रमुखांनी वेळीच निर्णय घेतला. आणि हुकमाची वाट पाहिली नाही म्हणून तानाजीच्या रेकॉर्डमध्ये लाल शाईची नोंद केली. शिस्त म्हणजे शिस्त, असं वर तोऱ्यात म्हणालो. मला पदक मिळालं. त्या नोंदीपायी तानाजी नायब सुभेदार न होताच घरी आला. मला याची लाज वाटते, आणि ती सात वर्षं उशिरा वाटतेय याची जास्त.

शुक्रवारी गाडी काढून खडवलीला गेलो. तानाजीने खुर्ची दिली, स्वतः उभाच राहिला. त्याची बायको शेवंती चहा ठेवून आत गेली, माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. मी म्हटलं, रविवारी ये, सगळ्यांसमोर तुझं नाव घेतो.

“स्टेजवर नको, साहेब,” तो म्हणाला. “नोंद कागदावर आहे, ती कागदावरच खोडा. आणि एक सांगा, परत तसंच झालं तर तुम्ही उघडाल?”

मी चहा कसाबसा संपवला आणि उठलो. कल्याण येईपर्यंत नियम, जोखीम, जवानांचे जीव, सगळं स्वतःलाच समजावत होतो. त्यातलं काहीही त्याला तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं.

आज शनिवार. सकाळीच रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं: गेट तानाजीने उघडलं, माझा अहवाल खोटा होता, नोंद रद्द करा, पदकाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. एक प्रत उद्याच्या भाषणासाठी ठेवली. पाकीट बंद केलं. मग आमच्या जुन्या ब्रिगेडियरसाहेबांना एकदा विचारून घ्यावं म्हणून फोन उचलला. रिंग जाऊ लागली आणि मला माझीच किळस आली. मी परत परवानगीच मागत होतो.

फोन कट केला, चपला घातल्या आणि खाली आलो. मला पाहून देवराम आपणहून म्हणाला, गेट बंद आहे, साहेब.

“उघड,” मी म्हटलं. “मला पोस्टात जायचंय.”